फळा, भोंगा आणि रात्री साडेअकराची पीडीएफ

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, स्टँडपासून जरा आत, ग्रामपंचायतीच्या समोरच. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा काढून देणं, लग्नपत्रिकेचं डीटीपी, दहावीच्या रिझल्टच्या प्रिंटा असलं सगळं चालतं. गाव दापोली-मंडणगड पट्ट्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. तर २०२० च्या मार्चमध्ये दुकान बंद झालं आणि पुढचं जवळपास दीड वर्ष मी गावाच्या सूचना लिहायचं काम केलं. कोणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, ओळखपत्र तेवढं मिळालं होतं, तेही मीच टाइप केलेलं, मीच लॅमिनेट केलेलं, सही फक्त ग्रामसेवकांची.

सुरुवात कशी झाली सांगतो. त्या वर्षी शिमगा ९ मार्चला होता, पालख्या नाचल्या, मुंबईकर आले नि गेले, कोरोना तेव्हा टीव्हीतच होता. मग गुहागरकडे पहिला पेशंट सापडल्याची बातमी आली आणि लोकांचे चेहरे बदलले. २२ तारखेला जनता कर्फ्यू, थाळ्या वाजवून झाल्या, लगेच एसटी बंद. आता एसटी बंद म्हणजे नुसती गाडी बंद नाही ना आमच्याकडे, पेपर पहिल्या एसटीने येतो. रत्नागिरी टाइम्स, सागर, मुंबईचे पेपर, सगळं त्या गाडीच्या टपावर नाहीतर कंडक्टरच्या पायाशी. गाडी नाही तर पेपर नाही, आणि गावात काय चाललंय, बाजार भरणार का, गॅसची गाडी कधी येणार हे टीव्हीवाले थोडंच सांगतात. त्यांचं आपलं इटली आणि वुहान चालू. आम्हाला शेजारच्या गावाचं सुद्धा कळेनासं झालं.

२५ मार्चला गुढीपाडवा होता. आदल्या रात्री आठ वाजता २१ दिवसांचं जाहीर झालेलं. मी गुढी उभारून कडुनिंब चावत बसलोय तोवर ग्रामसेवक भाऊसाहेब दारात. तोंडाला रुमाल, हातात मोबाईल.

"तुझ्याकडे प्रिंटर आहे ना रे? आणि कागद?"

"आहे की. अडीच रीम आहे."

"चल मग."

ग्रामपंचायतीचा प्रिंटर जानेवारीपासून बिघडलेला. मोबाईलवर पीडीएफ आलेली, तीन पानी, शिक्का तिरका, स्कॅन असलं की अर्ध्या ओळी काळ्या. मी ती जशीच्या तशी पुन्हा टाइप केली. साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम १४४, ज्याअर्थी, त्याअर्थी, सबब. १२ प्रिंटा काढल्या आणि खळ लावून वाडी-वाडीत चिकटवल्या. लय भारी वाटलं तेव्हा.

दुपारी बघतो तर ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी आठ-दहा माणसं दाटीवाटीने सूचना वाचतायत. पाच जणांपेक्षा जास्त जमू नये ही सूचना. पोलीस पाटलांनी कपाळाला हात लावला. त्यातले एक आजोबा, चष्मा नव्हता त्यांच्याकडे, मला म्हणाले, "तूच लिवलंस ना? मग सांग, सकाळी दूध घालाय जायाचं का नाय?"

मला सांगता येईना. तीन पानं मी स्वतः टाइप केलेली. परत सगळं वाचलं. जीवनावश्यक वस्तू असा शब्द होता, त्यात दूध येतं हे मला माहीत, पण घरातून डेअरीपर्यंत एकाने जायचं का दोघांनी, किती वाजेपर्यंत, पोलीस अडवतील का, काहीच नाही. भाऊसाहेबांना विचारलं, त्यांनी वर फोन लावला, तिथून उत्तर यायला संध्याकाळ. आजोबांनी तोवर दूध ओतून नाही टाकलं, घरी दही लावलं, पण दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे बघेनात.

आणि त्या १२ प्रिंटांपैकी नऊ रात्रीत गेल्या. शेळ्यांनी खाल्ल्या. पिठाची खळ होती ना.

तिथून फळा आला. शाळा बंदच होती, गुरुजी म्हणाले चौथीच्या वर्गातला लाकडी फळा न्या, मोठा आहे, सुतळीने बांधा ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात. बांधला. मग मी दोन-तीन दिवस डोकं लावून त्याच्यावर डाव्या बाजूला ऑइल पेंटने कायमचे शब्द रंगवले, वरून खाली : कधी, कुठे, किती वाजता, कोणी यायचं, काय आणायचं. उजवीकडे खडूने रोजचं उत्तर. कायदा-बियदा काय लिहायचाच नाही. ज्याला मूळ आदेश बघायचा त्याच्यासाठी फाईल आत टेबलावर. दीड वर्षात ती फाईल बघायला चार माणसं आली असतील, त्यातले तीन पक्षाचे.

हे रकाने सोपे दिसतात पण खरी मारामारी तिथेच. वरून येणाऱ्या सूचनेत "कधी" असतं, "किती वाजता" नसतं. "कोणी" असतं ते पात्र लाभार्थी असं. आता पात्र म्हणजे कोण, हे शोधायला मला कधी कधी चार फोन करायला लागायचे, रेशन दुकानदाराला, बँकेतल्या शिपायाला, आरोग्य केंद्रात, शेवटी ज्याला खरंच माहीत असतं त्याला. बहुतेक वेळा तो शिपाईच असायचा.

जनधनचं उदाहरण घ्या. एप्रिलमध्ये बायकांच्या जनधन खात्यात ५०० रुपये येणार होते, तीन महिने. बँकेत गर्दी नको म्हणून खातेनंबरच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस : ० आणि १ वाल्यांनी ३ एप्रिल, २-३ वाल्यांनी ४ तारीख, मग ४-५ ला ७, ६-७ ला ८ आणि ८-९ ला ९. बघा, किती सोपं. मी तसंच लिहिलं फळ्यावर. दुसऱ्या दिवशी बँकेच्या रांगेत निम्म्या बायका चुकीच्या दिवशी. कोणी आधारचा शेवटचा आकडा बघितला, कोणी पासबुकावर वर छापलेला ग्राहक नंबर, एका मावशीने तर मोबाईल नंबरचा. एक जण सहा किलोमीटर चालत आलेली. ती काय बोलली ते लिहीत नाही इथे. त्या संध्याकाळी मी पासबुकाचं पहिलं पान मोठं करून प्रिंट काढलं, खोटा नंबर टाकला, शेवटच्या आकड्याला लाल गोल, आणि खाली "हा आकडा". शिवाय आशाताईंना म्हटलं तुम्ही घरोघर जाताच आहात तर प्रत्येकीच्या पासबुकावर पेन्सिलने तारीखच लिहून द्या. मग चुका थांबल्या. पण दुसरीच आवई उठली, पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार परत घेणार. त्याने परत गर्दी. मग फळ्यावर : पैसे परत जाणार नाहीत, सावकाश काढा. "सावकाश" ला डबल अधोरेखित.

आवई हा वेगळाच विषय आहे, त्यावर लिहीन तेवढं कमी. मार्चमध्येच एक फिरली होती की रात्री हेलिकॉप्टरमधून औषध मारणार आहेत, दहानंतर बाहेर पडू नका, वाळत घातलेले कपडे आत घ्या. आमच्या आईने घेतले. मी सांगतोय आई हे खोटं आहे, तरी ती म्हणे, घेतले आत तर बिघडलं काय? तिचं बरोबर होतं एका अर्थी, पण त्याच रात्री खालच्या वाडीतला एक गडी वाडग्यातली गुरं पण घरात घेऊन झोपला. आम्ही व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता गावाचा, दोनशेच्या वर लोक, निम्मे मुंबईत. तो सुरुवातीला सगळ्यांना खुला ठेवला ही माझी चूक. सकाळी उठून बघतो तर १८० मेसेज, काढा, वाफ, कांदा, गोमूत्र, आणि मधेच कुठेतरी भाऊसाहेबांनी टाकलेली गॅस गाडीची वेळ. ती कोणालाच दिसली नाही. मग फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग केलं. दोघे तिघे रागावून ग्रुप सोडून गेले, लोकशाही राहिली नाही म्हणाले.

भोंगा पण होता. देवळातला. पण आमचं गाव म्हणजे सपाटीवर एका जागी नाही, खाली खाडीलगत एक वाडी, मधे बाजारपेठ, वर सड्याकडे, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठाराकडे, तीन वाड्या. देवळाचा भोंगा वरच्या वाड्यांना फक्त घोंघावतो. मग एका रिक्षावाल्याला तयार केलं, त्याचा धंदा तसाही बसलेला, डिझेलचे पैसे पंचायतीने द्यायचे. मी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचो आणि तो रिक्षाला भोंगा बांधून वर जायचा. पहिलं रेकॉर्डिंग मी निवडणुकीसारखं केलं, बंधू-भगिनींनो, सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की. वळणावरून रिक्षा निघून जाईपर्यंत लोकांच्या कानावर तेवढंच पडायचं, "कळविण्यात येते की". पुढचं पुढच्या वाडीला. शेवटी आठ सेकंदाचं केलं. "रेशन. उद्या. वरची वाडी. सकाळी नऊ. पिशवी आणि कार्ड." हेच चार वेळा. पोरं माझी नक्कल करायची, अजून करतात, बाजारात मागून ओरडतात, रेशन! उद्या!

रेशनचं फार लिहीत नाही, माणशी पाच किलो मोफत तांदूळ आला आणि तो खरंच मिळाला, अंगठा ग्राहकाने लावायचा नाही, दुकानदारानेच लावायचा असं होतं, ते बरं झालं. केशरीवाल्यांना मात्र मेपासून, तेही विकत, ८ रुपयाने गहू नि १२ रुपयाने तांदूळ. "केशरी कार्डला फुकट नाही" ही ओळ लिहिली त्या दिवशी मला फळ्याजवळ उभं राहायची सोय नव्हती. जसं काय मी ठरवलंय.

मग मे. मुंबईकर.

आता हे बाहेरच्याला समजावणं अवघड आहे. आमच्याकडे प्रत्येक घरातलं एक माणूस तरी मुंबईत, घरं चालतात त्यांच्यावर, गणपतीला शिमग्याला त्यांची वाट बघायची, आणि त्या मेमध्ये त्यांनाच वेशीवर अडवायचं. ई-पास घेऊन टेम्पोने, टू व्हीलरने, काही जण चक्क चालत आले. वाडीवाडीत दोन मतं. ग्राम कृती दल झालेलं, त्यात सरपंचबाई, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, गुरुजी, आणि मी आपला लिहायला. नियम असा की आलेल्याची नोंद, हातावर शिक्का, १४ दिवस घरी नाहीतर शाळेत. घरी वेगळी खोली आणि वेगळा संडास असेल तरच घरी. आमच्याकडे किती घरांत वेगळा संडास आहे? म्हणून शाळा. गोधड्या घरच्या, जेवण घरचं, डबा गेटवर ठेवून मागे सरकायचं.

ह्याच काळात माझ्या हातून जे झालं ते सांगतो, कारण बाकी सगळं सांगून हे लपवलं तर काय अर्थ.

मेच्या शेवटी गावात पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. रात्री साडेअकराला मेसेज (वरून येणारं सगळं रात्री साडेअकरालाच का येतं हे मला अजून कळलेलं नाही). नाव लिहायचं नाही हे मला माहीत होतं. मी नाव नाही लिहिलं. मी सकाळी फळ्यावर लिहिलं, अमुक वाडीत १ रुग्ण, घाबरू नये, काळजी घ्यावी. मला वाटलं लोकांना कुठली वाडी ते कळायला हवं, हक्क आहे त्यांचा. पण त्या वाडीत त्या आठवड्यात मुंबईहून आलेला माणूस एकच होता. नऊच घरं आहेत तिथे. म्हणजे मी नाव सोडून सगळं लिहिलं होतं.

दुपारपर्यंत ते घर तुटलं. दोन म्हातारी माणसं घरात, मुलगा तालुक्याला कोविड सेंटरमध्ये नेलेला. त्यांचं दूध कोणी घेईना. सामाईक विहिरीवर येऊ नका असा निरोप. किराणावाल्याने लांबूनच हात केला. आणि हे सगळं मला कळलं कसं, तर आशाताई संध्याकाळी आल्या, त्या आमच्यापेक्षा वयाने मोठ्या, गावातल्या निम्म्या बाळंतपणाला धावलेल्या, आवाज कधी चढवत नाहीत. फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाव नाय लिवलंस, पण दार दाखवलंस की रे."

मी पुसलं. पण फळा पुसला म्हणून काय होतं, तोपर्यंत फोटो काढून मुंबईच्या ग्रुपवर गेलेला. सरपंचबाई स्वतः दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीसोबत विहिरीवर गेल्या, पहिली कळशी त्यांनी काढली. त्याने थोडा फरक पडला. तो मुलगा बरा होऊन आला, ठीक आहे आता, मुंबईत नोकरीला आहे. पण आजी त्यानंतर फळ्याकडे कधी आल्या नाहीत. मी एकदा घरी गेलो माफी मागायला, तर त्यांनी चहा केला आणि त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत, पावसाचं बोलत बसल्या.

त्यानंतर मी ठरवलं, गावचा आकडा सुद्धा लिहायचा नाही. तालुक्याचा लिहायचा, आणि मग कोणी काय करायचं ते. काही जण भांडायला आले, लपवतोस म्हणाले. लपवतोय तर लपवतोय.

आणि त्यात निसर्ग, म्हणजे त्या नावाचं चक्रीवादळ.

१ जूनला इशारा आला, ३ जूनला चक्रीवादळ. आमच्याकडे वादळं गुजरातकडे निघून जातात असाच समज, २००९ चं फयान वादळ आठवत होतं तेवढंच. २ तारखेला संध्याकाळी लिहायला बसलो : कच्च्या घरातल्यांनी शाळेत यावे. लिहिलं आणि थांबलो. शाळेत १४ माणसं क्वारंटाईन. आता काय? दोन सूचना एकमेकींच्या छाताडावर बसलेल्या, एक म्हणते लांब राहा, दुसरी म्हणते एका छपराखाली या. कृती दल व्हरांड्यात उभ्या उभ्या तासभर वाद घालत होतं. आधी ठरलं क्वारंटाईनवाल्यांना देवळात हलवा, मी लिहिलं. मग मानकरी म्हणाले देवळाच्या सभामंडपाला पत्रे आहेत, उडतील, पुसलं. मग ठरलं शाळेचे पलीकडचे दोन वर्ग त्यांना, मधे एक वर्ग रिकामा ठेवायचा, अलीकडचे वर्ग बाकीच्यांना, दारं वेगळी. तीन वेळा लिहून पुसलं, खडूची भुकटी तोंडात. खाली पुढचं : कंदिलात रॉकेल, मोबाईल आजच चार्ज करा, पाणी भरून ठेवा, गुरं सोडून ठेवा, दावणीला बांधू नका. हे शेवटचं वरून आलेल्या पीडीएफमध्ये नव्हतं, ते आमच्या वडलांनी सांगितलं.

वादळाचं वर्णन करत बसत नाही. दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते किनाऱ्यावर चढलं आणि आमच्याकडे चार-पाच तासात पन्नास वर्षांच्या बागा आडव्या. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, तर काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडलेल्या. आवाज अजून कानात आहे, तो वाऱ्याचा नाही वाटत, कोणीतरी मोठ्याने कण्हतंय असा वाटतो. शाळा टिकली, कौलं गेली थोडी. त्या दिवशी कोण कुठल्या वर्गात होतं हे पाचनंतर कोणी बघितलं नाही, पाणी गळायला लागल्यावर सगळे सुक्या कोपऱ्यात. माझ्या माहितीप्रमाणे त्यातून कोणाला लागण झाली नाही. नशीब.

फळा गेला. दोन दिवसांनी सापडला, देवळामागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उभा चिरलेला. उजवा भाग फुटून नाहीसा, डावा, रंगवलेल्या शब्दांचा, धड. तोच परत बांधला, उजवीकडे एक प्लायवूडचा तुकडा काळा रंगवून.

आणि ह्यानंतरचा महिना, दीड महिना हा त्या फळ्याचा खरा काळ. लाईट नाही, टॉवर बंद. दोनशे लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप एका दुपारीत मेला. आमच्या वाडीत लाईट यायला महिना उलटून गेला. रेंज मिळायची ती फक्त सड्यावर, एका ठराविक कातळावर, तेही पलीकडच्या टॉवरची. रोज सकाळी आमच्यातला एक पोरगा दहा-अकरा लोकांचे मोबाईल पिशवीत घालून वर जायचा, मेसेज पडू द्यायचा, महत्त्वाचं वहीत लिहून घ्यायचा आणि खाली यायचा. मुंबईकरांचे घरच्यांसाठीचे निरोप पण त्याच वहीत. "बाबांना सांगा गोळ्या संपल्या असतील तर कळवा." ते मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचो, नावं न टाकता कसं लिहिणार, म्हणून चिठ्ठ्या करून घरी पोचवायला लागलो. झेरॉक्सवाला ते पोस्टमन.

पंचनाम्याच्या सूचना त्या काळातल्या. तलाठी कुठल्या वाडीत कधी, सोबत रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक, आणि पडझडीचे फोटो. फोटो कशाने काढायचे, मोबाईल मेलेले. एका वायरमनकडे जनरेटर होता त्यावर चार्जिंगची रांग. भरपाई वाढवली होती, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, बागेला हेक्टरी ५० हजार. मी मोठ्या उत्साहाने हेक्टरी ५० हजार लिहिलं आणि बाजूला एक जण हिशोब करत उभा. त्याची पोफळीची बाग तीन गुंठे. तीन गुंठे म्हणजे हेक्टरचे जेमतेम तीन टक्के, दीड हजार रुपये. एका पोफळीवर आठ-दहा वर्षं घालवून ती उत्पन्नाला येते, ह्याच्या पन्नास-साठ तरी गेलेल्या. तो मला म्हणाला, हे पण लिही खाली, तीन गुंठ्याला दीड हजार. लिहिलं. भाऊसाहेब म्हणाले हे सूचनेत बसत नाही. मी म्हटलं राहू दे दोन दिवस, प्रत्येक जण येऊन मला तोच हिशोब विचारतोय. आणि सातबारावर वीस-बावीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही देवाघरी, त्यांची संमती कुठून आणायची हे वेगळं पुराण, ते सोडा.

गणपती ऑगस्टात २२ तारखेला. इतक्या प्रश्नांची सूचना मी आयुष्यात लिहिली नाही. चाकरमान्यांना, म्हणजे मुंबईहून गावी येणाऱ्या आमच्याच माणसांना, १४ ऐवजी १० दिवस क्वारंटाईन, १२ ऑगस्टच्या आत गावात या, त्यानंतर येणाऱ्याला टेस्ट हवी. एसटीने आलात तर ई-पास नको. घरगुती मूर्ती दोन फुटांच्या आत. लोकांचे प्रश्न मात्र भलतेच. १० दिवसात यायचा दिवस धरायचा का? आरतीला शेजारी येऊ शकतात का? जाखडी नाच नाही म्हणजे नाहीच का, की अंगणात चार पोरांनी नाचलं तर चालेल? गौरीच्या ओवश्याला माहेरवाशीण आली तर ती चाकरमानी धरायची का? हा शेवटचा प्रश्न मी खरंच वर पाठवला होता. उत्तर आलं नाही. सरपंचबाईंनीच ठरवलं, त्याच तालुक्यातली असेल तर माहेरवाशीण, बाहेरची असेल तर चाकरमानी.

मग सप्टेंबरात माझे कुटुंब माझी जबाबदारी, आशाताई ऑक्सिमीटर नि ताप मोजायची गन घेऊन घरोघर, मी फक्त वाडीचा दिवस लिहायचो. थंडीत सगळं सैल झालं, फळ्यावर पाणीपट्टी आणि घरपट्टी पण यायला लागली, लोकांनी ती मात्र वाचली नाही.

दुसरी लाट मी लिहू शकत नाही नीट. एप्रिल-मे २०२१. फळ्यावर तेव्हा एकच प्रकारच्या गोष्टी असायच्या, बेड कुठे आहे, ॲम्ब्युलन्सला फोन कुठे करायचा, आणि तेही लिहून होईपर्यंत जुनं झालेलं. गावातली पाच माणसं गेली. त्यात दूधवाले आजोबा. अंत्यविधीला २० जण, तशी सूचना मीच लिहिली.

लसीचं सांगून थांबतो. सुरुवातीला ६० वरच्यांचं, मग ४५, ते आरोग्य केंद्रात टोकनवर, "उद्या १०० डोस, सकाळी टोकन". १०० लिहिलं की २०० यायचे, ६० लिहिलं की ११०. नंतर मी आकडा लिहायच्या ऐवजी वाड्या लावून दिल्या. १ मेपासून १८ वरच्यांना, पण ऑनलाईन स्लॉट घेऊनच. आमची रेंज कातळावर. ओटीपी येईपर्यंत स्लॉट फुल, आणि सकाळी केंद्रावर बघतो तर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागलेल्या, आमचीच जागा त्यांनी तिकडून बुक केलेली. लस घेऊन, समुद्र बघून, मासे खाऊन जायचे. राग यायचा, पण नियमात होतं ते. आमची चार पोरं मग रात्री बॅटरी घेऊन सड्यावर बसायला लागली, स्लॉट उघडला की मारायचा, दिवसाला दोन-तीन मिळायचे.

आणि १३ मेला कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर एकदम १२ ते १६ आठवडे झालं. मी आदल्याच दिवशी दुसऱ्या डोसवाल्यांची यादी लावलेली. १७ जण जाऊन परत आले, त्यात काठी टेकत गेलेल्या त्या आजी पण. केंद्रातून येताना व्हरांड्यात टेकल्या. वर्षभराने पहिल्यांदा. म्हणाल्या, "८४ दिवस म्हंजे कवा ते तारीख घालून दे, दिवस मोजाय मला सांगू नको." मी कागदाच्या चिटोऱ्यावर तारीख लिहून दिली, त्यांनी ती कनवटीला लावली. मग तसे चिटोरे १७ जणांना, नंतर सगळ्यांनाच.

पावसाळ्यानंतर दुकान नीट उघडलं. पहिला धंदा काय असेल तर लसीच्या सर्टिफिकेटचं लॅमिनेशन, एका दिवसात ४० सुद्धा केलीत. १ डिसेंबरला पहिली ते चौथीची शाळा सुरू झाली, तेव्हा गुरुजी फळा न्यायला आले. म्हटलं गुरुजी हा अर्धाच उरलाय, आणि ऑइल पेंट निघत नाही. ते म्हणाले असू दे, चालेल. दुसऱ्या दिवशी सहज डोकावलो वर्गात. कधी : रोज. कुठे : हितंच. किती वाजता : दहा. कोणी यायचं : सर्वांनी. काय आणायचं : दप्तर, मास्क, पाण्याची बाटली.